नवा जोड चावतोच

"पाय दाब की नीट," मी म्हटलं. "अधांतरी धरलास तर बूटबी अधांतरीच हुईल."

दिनूनं खाकी कागदावर पाय दाबला. मी कानावरची पेन्सिल काढून टाचेपास्नं रेघ धरली. पाय काय हुता म्हणता! बोटं पंख्यागत पसरलेली, अंगठा एकीकडं, करंगळी दुसरीकडं. जन्मात कधी बंद जोड न घातलेला पाय. मी म्हटलं, लेका, हे माप धरून मी बूट करू का परात?

दारात आनसावैनी वेणी गुंफत बसली हुती. चपलेच्या पट्ट्यावर चामड्याची बारीक वेणी असती ना, ती आमच्या गल्लीत बायका करतात. मान वर न करताच ती म्हणाली, "ज्यानं चालायच्या आदी पळायला घेतलं, त्याचा पाय असलाच व्हायचा भावजी."

ही गोष्ट साठ-एकसष्ट सालची, आमच्या कोल्हापुरातली. दिनू म्हंजे आनसावैनीचा एकुलता. त्याचा बाप ज्योती आणि मी एका पाटावर बसून चपला शिकलो. ज्योती लवकर गेला. मला तवा पोरबाळ न्हवतं. मग त्यो पोरगा ह्या उंबऱ्यातनं त्या उंबऱ्यात करत वाढला. चिंध्या भरून, वर कातड्याचे तुकडे शिवून पहिला बॉल त्याला मीच करून दिलेला. गल्लीच्या भिंतीवर त्यो दिवसभर आपटायचा. म्हाताऱ्या शिव्या द्यायच्या, मला बी आणि त्याला बी.

कोल्हापुरात पेठेपेठेला फुटबॉलचं याड. तालमीतली पोरं माती झाडून उठायची आणि तशीच अनवाणी मैदानात उतरायची. त्यातनं दिनू असा निघाला, की कॉलेजच्या खराडे मास्तरांनी त्याला घरी येऊन नेला. फी माफ केली. आमच्या गल्लीतला कॉलेजात गेलेला पहिला पोरगा त्यो. त्यो सोता हसून सांगायचा, "बाकीची डोक्यानं शिकत्यात, मी पायानं शिकतोय."

तर त्या साली कॉलेजाकॉलेजांची फायनल आमच्या गावात ठरली. खराडे मास्तर माझ्या दुकानात आले, चप्पल दुरुस्तीला न्हाई, बोलायला. म्हणाले, केरबा, ह्या मॅचला पुण्यास्नं विद्यापीठाची माणसं येणार. दिनकर त्यांच्या नजरेत भरला की विद्यापीठाच्या टीममध्ये गेला. तिथं गेला की रेल्वेत म्हण, पोलिसात म्हण, नोकरी धरूनच चाल. पण तिथं बूट लागतात. अनवाणी पोराकडं ती माणसं ढुंकून बघायची न्हाईत. कॉलेजच्या पेटीत बूट हुते, पण समदे अरुंद. दिनूचा पाय त्यात निम्माच जायचा.

मी म्हटलं, मी करतो.

मास्तर माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "बूट? तू?"

"पायच हाय की मास्तर. पायाचं काय बी मला जमतं."

त्यांनी एक फाटका बूट नमुन्याला आणून दिला. मी त्यो उसवला, एकेक पदर पाटावर मांडला. वरचं सगळं माझ्या हातातलं काम हुतं. अडलं ते तळव्यात. बुटाखाली घसरू नये म्हणून चामड्याच्या गुट्ट्या असतात, आणि त्या खिळ्यानं मारायच्या असतात. आता आमच्या कोल्हापुरी चपलेला खिळा नसतो. आम्ही चामड्याच्या वादीनं शिवतो. आज्यापास्नं आमच्यात कुणी चपलेत लोखंड घातलं न्हाई. पण बघून बघून केलं. खिळा मारला, टोक आतल्या अंगानं लोखंडावर ठोकून वळवलं, वर पातळ कातड्याचा एक पदर चिकटवला. बारा दिस गेले. असा जोड झाला, की गल्लीतली माणसं हातात घेऊन हुंगून बघायला लागली.

दिनूनं घातला, चार पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं. "तात्या, चावतंय."

"नवा जोड चावतोच," मी म्हटलं. "चार दिस घाल. पायाला बसंल."

हे माझे शब्द न्हवंत बरं का. माझा बाप हेच सांगायचा, त्याचा बाप हेच सांगायचा. आमच्या धंद्यातला ह्यो मंत्रच हाय. कुठलंबी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की पहिलं हे सांगायचं, आणि शंभरातल्या नव्याण्णवांना ते खरंच असतंय. दिनूचंबी तसंच झालं. चार दिसांत जोड बसला. पाचव्या दिवशी त्यानं बूट घालून भिंतीवर बॉल असा हाणला, की आमच्या शेजारणीचं वाळवणच खाली आलं. मी तिला म्हटलं, मावशे, आज शिव्या देऊ नकोस, उद्या त्याचा फोटो पेपरात येईल.

मॅचच्या दिवशी मी पांढरा सदरा काढला, नवं धोतर नेसलो. निघताना आनसावैनी हत्यारांची पिशवी घेऊन दारात आली. हातोडी, रापी, आरी, माझं रोजचं सगळं. म्हणाली, "भावजी, ही असू द्या की संगं. नवा जोड हाय, काय लागलं-सवरलं तर."

मी म्हटलं, "वैनी, आज मी कामाला निघालो न्हाई. मॅच बघायला निघालोय."

ती हसली आणि पिशवी आत ठेवली.

मैदानावर आमची गल्ली दोरीच्या पलीकडं मातीत बसली हुती. मीबी तिकडंच निघालो. तेवढ्यात खराडे मास्तरांची हाक आली. "अहो केरबा! इकडं या."

अहो! मास्तर मला पंधरा वर्षं ओळखत हुते. पंधरा वर्षांतलं ते पहिलं अहो.

मांडवाखाली पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या हुत्या. मास्तरांनी मला पहिल्या ओळीत नेलं, पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं की दिनकरचे बूट ह्यांनी केलेत, आणि मला बसवलं. एका अंगाला काळा कोट घातलेले वकीलसाहेब, दुसऱ्या अंगाला ते पुण्याचे. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही हे कुठं शिकलात?" मी काय सांगणार? म्हटलं, पाय बघून शिकलो साहेब. ते मोठ्यानं हसले. वकीलसाहेबबी हसले. मीबी हसलो.

तुम्हाला म्हणून सांगतो. माप घेणाऱ्या माणसाला समोरच्याचं तोंड कायम खालनं दिसतं. हनुवटी आणि नाकपुड्या. असल्या माणसांच्या पायाशी बसून माझा जन्म गेलेला. त्या दिवशी त्यांचं तोंड माझ्या तोंडाच्या समोर हुतं. लोखंडी घडीची खुर्ची ती, बूड दुखायला लागलं, पण मी हललो न्हाई. पलीकडनं गल्लीतली माणसं मला बोट दाखवून एकमेकांना ढोसत हुती. कुणीतरी वरडलं, "केरबातात्या, पाय हालवा की! साहेब लोक हालवत्यात." मी पायावर पाय टाकला.

एकच गोष्ट डोळ्याला खटकली. पाहुण्यांवर धूळ उडू नये म्हणून सकाळी मैदानावर पाणी मारलं हुतं, आणि जरा जास्तच मारलं हुतं. गोलपुढं तर चिखल दिसत हुता. आमचं कातडं बाभळीच्या सालीत कमावलेलं. पाणी लागलं की फुगतं, मऊ पडतं. गिऱ्हाईकाला आम्ही पहिलं हेच बजावतो, की पावसात घालू नका. पण म्हटलं, तासा-दीडतासाचा तर खेळ.

पहिली पंधरा-वीस मिनिटं दिनू असा खेळला, की पुण्याच्या पाहुण्यांनी दोनदा वही काढली. मग त्याचं पाऊल आखूड पडायला लागलं. बॉल उजव्यावर आला की त्यो डाव्यावर घ्यायला लागला. दुसऱ्यांना ते कळलं नसंल. पण माणूस कसा चालतो हे बघायचाच माझा धंदा. हाफटाइमच्या जरा आदी सांगलीकडच्या कॉलेजनं एक गोल चढवला.

शिट्टी झाली. पोरं लिंबं चोखायला गेली. दिनू सरळ माझ्याकडं आला. खुर्चीपुढं उभा राहून त्यानं उजवा बूट काढला आणि माझ्यापुढं धरला.

"तात्या, आतनं कायतरी टोचतंय. बघा की जरा. न्हाईतर काढून टाकतो दोन्ही. अनवाणी खेळतो."

मागनं खराडे मास्तर हळूच म्हणाले, "अनवाणी? दिनकर, पाहुणे बसलेत."

समदे माझ्याकडं बघत हुते. वकीलसाहेब, पुण्याचे, समदे. मी बुटात उजवा हात घातला. काढला. बोट धोतराला पुसलं.

"नवा जोड हाय," मी म्हटलं. "भिजला की पुन्हा चावतोच. घाल."

दिनू माझ्याकडं बघत राहिला. लई न्हाई, एक श्वासभर. मग म्हणाला, "बरं." खाली बसला, बूट चढवला, नाडी आवळली आणि गेला.

पाहुण्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काय न्हाई साहेब, पोर हाय.

पुढं काय झालं ते आजबी कोल्हापुरात म्हातारी माणसं सांगतात. बरोबरी केली ती दुसऱ्याच पोरानं. आणि शेवटाला, पाचेक मिनिटं राहिली असतील, दिनूला उजव्या अंगाला बॉल मिळाला. दोघं अंगावर आले. एकाला त्यानं खांद्यानं फसवलं, दुसऱ्याच्या पायांतनं बॉल काढला आणि उजव्यानं, त्याच पायानं, असा हाणला की गोलकीपर बघतच राहिला. दोरीपलीकडची माती आभाळात गेली. आमच्या गल्लीनं टोप्या, चपला, हाताला येईल ते उडवलं. मी खुर्चीवरनं उठलो तवा पुण्याच्या पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. उजवा हात. म्हणाले, अभिनंदन तुमचं.

दिनूला पोरांनी मैदानातनंच खांद्यावर घेतला. खांद्यावरनंच गल्लीत आणला, हलगी लावून. पाय जमिनीला लागलाच न्हाई. म्हणून त्याचं चालणं कुणाला दिसलं न्हाई.

चौथ्या दिवशी पुण्यास्नं नाव आलं. दिनूचं नाव टीममध्ये. आनसावैनीनं गल्लीत साखर वाटली. दिनूनं पायाला हळद दाबली हुती आणि कुणाला सांगत न्हवता, कारण सरावाला जायचं हुतं. आणखी तीन दिस त्याच बुटात पळाला. बूट त्यानं माझ्याकडं आणला न्हाई, मीबी मागितला न्हाई. मग थंडी वाजून ताप आला. पाय गुडघ्यापतुर सुजला. सरकारी दवाखान्यात नेला तवा डॉक्टर आम्हालाच बोलले, इतके दिवस काय करत होता? विष हाडापतुर गेलं हुतं. पायाचा पुढचा भाग काढायला लागला. पाची बोटं, आणि वर दोन अंगुळं. मी ज्या पंख्याला हसलो हुतो, त्यो समदा.

आनसावैनी बाकड्यावर माझ्या शेजारी बसली हुती. ती काय म्हणाली ठाऊक हाय? म्हणाली, "भावजी, तुमच्या हातचा बूट हुता म्हणून एवढा तरी खेळला पोरगा." मी उठून बाहेर गेलो.

खराडे मास्तरांनी लई खटपट केली, फी माफच ठेवतो म्हणाले. दिनूच गेला न्हाई. म्हणाला, मास्तर, मी पायानं शिकत हुतो. पाय संपला. एक दिवस सकाळी काठी टेकत आला आणि माझ्या शेजारी पाटावर बसला, त्याचा बाप बसायचा तिथंच. मी रापी त्याच्या हातात दिली. अर्धा पाय वाकडा टाकून त्यो तिथं सदतीस वर्षं बसला. लगीन झालं, पोरं झाली. हात बापापेक्षा चांगला. मुंबईची दुकानं त्याच्या नावानं चपला मागायची.

एक सवय त्याला पहिल्या दिवसापास्नं. जोड पुरा झाला की गिऱ्हाईकाला देण्याआदी त्यो तळव्यावरनं हात फिरवायचा, टाचेपास्नं अंगठ्यापतुर. आमच्या चपलेला खिळा नसतो, त्याला ठाऊक हुतं. तरी फिरवायचा. मी शेजारी बसून आपली मान खाली घालायचो. आणि गिऱ्हाईकानं 'चावतंय' म्हटलं की समजूत मी काढायचो न्हाई, त्यो बी काढायचा न्हाई. त्यो गपचूप जोड परत घ्यायचा आणि सैल करून द्यायचा. आमच्या दुकानात तो मंत्र पुन्हा कुणी म्हटला न्हाई.

सदतीस वर्षं. मग माझे गुडघे गेले. माझ्या धाकट्या पोरानं एक दिवस दुपारी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, म्हणाला आबा, आता खाली बसायचं न्हाई. मी म्हटलं ठेव गिऱ्हाईकाला. पोरगं चिडलं, खुर्ची आपटून निघून गेलं. दुकानात आम्ही दोघंच.

दिनू हातातला जोड न सोडता म्हणाला, "बसा की तात्या. एवढा हट्ट कशापायी?"

आणि माझ्या तोंडातनं ते बाहेर पडलं. अंगातलं कुसळ वर यावं तसं, आपोआप.

मी म्हटलं, दिनू, त्या दिवशी माझ्या बोटाला खिळा लागला हुता. जोंधळ्याच्या दाण्याएवढं टोक वर आलेलं. वरचा पदर भिजून फाटला हुता. आणि आत ओलं हुतं ते पाणी न्हवतं. मला कळलं हुतं. दोन मिनिटांचं काम हुतं ते. खाली बसायचं, बूट गुडघ्यावर धरायचा, चार ठोके. हातोडी घरी राहिली म्हणून अडलं, असं मी कैक वर्षं सोताला सांगितलं. पण खुर्चीच्या पायाशीच दगड हुता, चांगला मुठीएवढा. खुर्चीवरनं उठायचं हुतं फक्त. त्या समद्यांच्या देखत उठून, पुन्हा त्यांच्या पायाशी बसायचं हुतं. ते माझ्यानं झालं न्हाई.

दिनूनं आरी खाली ठेवली.

मग म्हणाला, "मला ठाऊक हाय तात्या."

"काय ठाऊक हाय?"

"बोटाला रक्त हुतं तुमच्या. धोतराला पुसलंत. पांढरं धोतर हुतं."

मी म्हटलं, "मग लेका बोलला का न्हाईस? काढून फेकायचा हुतास. अनवाणी खेळायचा हुतास."

"काढणारच हुतो," त्यो म्हणाला. "पण तुमच्याकडं बघितलं. पायावर पाय टाकून बसला हुता. तुम्हाला खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत हुतो."

एवढंच. त्यात राग न्हवता. राग असता तर बरं झालं असतं, मला धरायला कायतरी मिळालं असतं.

त्यानं हातातला जोड पुरा केला, वादीचं टोक कापलं. मी वाट बघत हुतो, आता हात फिरवंल. त्यानं फिरवला न्हाई. चपला माझ्यापुढं सरकवल्या.

"तुम्ही बघा," म्हणाला. "आजपास्नं तुम्हीच बघत जावा."

मी चप्पल मांडीवर घेतली. टाचेवर बोट टेकवलं आणि हळूहळू पुढं नेलं, अंगठ्यापतुर. तळवा गुळगुळीत हुता. तरी मी पुन्हा टाचेपास्नं सुरुवात केली.